मालूआत्याचा साधारण तारा

आमच्या घराण्यात आकाशाकडं बघणारी माणसं पुष्कळ होऊन गेली, पण ती सगळी ढगांसाठी. ताऱ्यांसाठी पगार घेणारी एकटी मालूआत्या, आणि ती वर कधी बघायचीच नाही. कोजागिरीला गच्चीवर सगळे जमले की पोरं तिला घेरायची, "आजी, तो लाल दिसतोय तो कोणता?" आत्या दुधाच्या पेल्यातून मान वर न काढता म्हणायची, "मला काय माहीत? ते तुमच्या आजोबाला विचारा." आजोबा म्हणजे माझे वडील, तिचे थोरले भाऊ. त्यांना नक्षत्रं यायची, पण पेरणीच्या कामाची तेवढीच. लाल ताऱ्याला मग पोरं आपापल्या मनानं नाव ठेवायची. एका वर्षी त्याचं नाव टोमॅटो पडलं होतं.

आत्या भौतिकशास्त्राची प्राध्यापक. शेंद्रा तिचं माहेर, गारखेड्यात तिचं घर, आणि शहरातल्या एका कॉलेजात नोकरी. मी बजाजनगरात राहतो आणि वाळूजच्या एका कारखान्यात तयार भाग मापात उतरलेत का, ते तपासतो. म्हणजे तसं पाहिलं तर आत्या आणि मी दोघंही मोजणारेच. मी मोजतो ते हातात धरता येतं आणि चुकलं तर साहेब ओरडतो. आत्याचं चुकलं तर तिच्यावर ओरडायला कुणी नव्हतं, म्हणून ते कामही तिच्याकडंच होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर संगणक मांडून ती बसायची आणि मधूनच तिचा आवाज यायचा, "मालते, डोळे फुटले का तुझे?" नवा माणूस दचकायचा. तिचे यजमान दिनकरमामा (आत्याच्या नवऱ्याला आमच्याकडं मामाच म्हणतात) पेपरातून डोकं न काढता सांगायचे, "काही नाही, चालू द्या. ती स्वतःशीच बोलतीय. आपल्याशी बोलायची असली तर आवाज यापेक्षा चढतो."

माझा या सगळ्याशी संबंध काय, तर माझ्याकडं गाडी होती. घरात कुणाला काय येतं यावरून त्याची ओळख ठरते. आत्याला तारे येत होते, वडिलांना शेती येत होती, आणि मला गाडी चालवता येत होती. आत्याला कुठं सोडायचं, कुठून आणायचं, तिच्या पोथ्यांएवढ्या जाड पुस्तकांच्या पिशव्या वर न्यायच्या, ही सगळी खगोलशास्त्राची सेवा मी केलेली आहे. त्यामुळं खाली जे सांगतोय ते सगळं गाडीवाल्याच्या जागेवरून दिसलेलं आहे, हे लक्षात ठेवावं.

आत्या काय मोजायची हे पहिल्यांदा कळलं ते शेंद्र्याला, पंचमीच्या सणाला. अंगणात पोरीबाळींच्या फुगड्या रंगल्या होत्या. माझी मोठी काकू ओट्यावर बसून पानाला चुना लावत होती. तिनं एकदम विचारलं, "मालू, तू दिसभर करतीस तरी काय गं त्या मशिनीपुढं?"

आत्यानं इकडंतिकडं बघितलं आणि फुगडी घालणाऱ्या दोघींकडं बोट केलं. एक पोरगी चांगली अंगानं भरलेली, दुसरी काटकुळी.

"हे बघ वहिनी. ह्या दोघी फिरतायत. आता समज, ती जाडी पोरगी अंधारात हाय. तुला दिसतच नाय. दिसती ती बारकी. मग बारकी कशी गरगरतीया ते बघून जाडीचं वजन किती, ते मी सांगती."

"ते कसं?"

"जड असती ती जागेवर बसल्यासारखी फिरती. हलकी असती ती तिच्या भोवती लांबून भेलकांडती. जेवढी ती जोरात पळती, तेवढी समोरची जड."

मग तिनं सांगितलं की आकाशात असे जोडीजोडीनं फिरणारे तारे असतात. त्यातला एक आपल्या सूर्यासारखा, साधा. दुसरा न्यूट्रॉन तारा: फार मोठा तारा फुटून गेल्यावर मागं उरलेला गोळा. आकारानं चिकलठाण्यापासून वाळूजपर्यंत, म्हणजे वीसेक किलोमीटरात, मावेल एवढा, आणि वजन मात्र अख्ख्या सूर्याहून जास्त. तो नुसत्या उजेडात काही दिसत नाही. म्हणून त्याच्या जोडीदाराचा उजेड घ्यायचा, काचेनं फोडून त्याचा रंगीत पट्टा करायचा. त्या पट्ट्यात बारीक काळ्या रेघा असतात. तारा आपल्याकडं येत असला की रेघा निळ्या बाजूला सरकतात, लांब चालला की तांबड्या बाजूला. किती सरकल्या, त्यावरून तो किती जोरात पळतोय ते कळतं. आत्याचं आयुष्य त्या रेघा मोजण्यात गेलं.

मोठ्या काकूनं पान तोंडात सारलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "आन् वजन कळून उपेग काय? उचलून आणायची हाय का तिला?"

आत्या इतकी हसली की तिचा चष्मा घसरून चुन्याच्या डबीत पडला. पुढं कुणी मोठ्या माणसानं तिला कामाचा उपयोग विचारला की ती म्हणायची, "आमची वहिनी विचारून चुकली, तिलाबी सांगता आलं नाय मला."

रेघांचा नाद तिला बाहेरही सुटत नसे. तिच्या पर्समध्ये सीडीचा एक तुटका तुकडा कायम असायचा. कुठलाही दिवा दिसला की तुकडा डोळ्यापाशी तिरका धरून ती त्यातले रंग बघायची. माझ्या लग्नात तिनं हेच केलं. मंगलाष्टकं चालू, अक्षता पडतायत, माझ्या तोंडाला घाम फुटलाय, आणि नवरदेवाची आत्या मंडपाच्या रोषणाईकडं एक डोळा मिटून, चमकता तुकडा धरून उभी. माझ्या सासरकडच्या बायकांत कुजबूज झाली. शेवटी एकीनं येऊन अदबीनं विचारलं, "आमच्या पोरीला दृष्ट लागू नये म्हणून बघताय का?" आत्या म्हणाली, "नाय हो. दिव्यांत पारा हाय का बघतीया. हाय." दुसऱ्या दिवशी सासुरवाडीत बातमी पसरली की नवऱ्याच्या आत्यानं मंडपात काहीतरी जड वस्तू ओळखली. माझी बायको वर्षा अजून मला विचारते की ते नेमकं कुणाबद्दल होतं.

आणि तिचं एक वाक्य होतं, जे आमच्या घरात आता सगळेच वापरतात: "आधी आपलं हलणं वजा करा." याचा अर्थ असा की तारा आपल्याकडं येतोय असं वाटलं तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही. कारण पृथ्वीही सूर्याभोवती पळतेच आहे. कदाचित आपणच त्याच्याकडं निघालेलो असू. तो पळण्याचा हिशेब आधी काढून टाकायचा, मग जे उरेल ते ताऱ्याचं. दिनकरमामा निवृत्त झाल्यावर एकदा तक्रार करायला लागले, "शेजारचे जोशी हल्ली फार शिष्ट झालेत. सकाळी दिसतसुद्धा नाहीत. माणूस बदलतो बघा."

"आधी आपलं हलणं वजा करा," आत्या पोळी लाटता लाटता म्हणाली. "तुम्ही नोकरीत होतात तवा सहाला फिरायला जायचात. आता आठला उठताय. जोशी बिचारे रोज सहालाच बाहेर पडत्यात."

मामा दुसऱ्या दिवशी सहाला गेले. जोशी फाटकातच उभे होते. म्हणाले, "काय हो, आमच्यावर राग का धरलात?"

नुसरत आत्याकडं आली ती तिच्या वडिलांबरोबर. शहागंजच्या बाजूला त्यांचं पडदे शिवायचं दुकान. गळ्यात मापाची टेप तशीच राहिलेली. ते दारातच हात जोडून म्हणाले, "मॅडम, इसकू मैं आपके हवाले कर रहा हूँ."

"हवाले कशाला, भाईसाब? ही काय मुजरिम हाय का? रोज पाठवा म्हणजे झालं."

नुसरत हसली. ती हसली की आधी तिचे खांदे हलायचे, आवाज मागून यायचा. आत्याची ती पहिली आणि एकुलती पीएचडीची विद्यार्थिनी. आमच्या शहरात न्यूट्रॉन ताऱ्याचं वजन करायला रांग लागलेली नव्हती, आणि आत्याच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. म्हणजे जे काही व्हायचं ते या एकाच पोरीच्या हातून. आत्या असं बोलून दाखवायची नाही. पण नुसरत यायची त्या दिवशी टेबलावरची लोणच्याची बरणी हलायची आणि टेबलाशी उशी घातलेली खुर्ची यायची, हे मामांनी मला सांगितलेलं आहे.

त्यांनी जो तारा निवडला होता, त्याच्या जोडीची एक फेरी साधारण अकरा तासांत पुरी व्हायची. उजेड घ्यायची सोय दूरच्या एका डोंगरावरच्या दुर्बिणीवर होती. पहिल्या खेपेला नुसरत स्वतः तिथं गेली. दुसऱ्या खेपेला तिला ताप होता, म्हणून तिथल्या माणसांनी त्यांच्यासाठी काम करून फाइली पाठवल्या. दोन्ही मिळून हिशेब केला आणि घोटाळा झाला. पहिल्या खेपेच्या रेघा म्हणत, फेरीच्या या टप्प्याला तारा आपल्याकडं येतोय. दुसऱ्या खेपेच्या रेघा त्याच टप्प्याला म्हणत, तो लांब चाललाय. दोन्हींची सरासरी काढली की बिचारा तारा जवळजवळ हलतच नाही असं निघायचं. आणि जोडीदार हलत नाही म्हणजे न दिसणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यात वजन नाही. सूर्याच्याही निम्मं भरेना.

विद्यापीठात प्रबंधाआधीचं सादरीकरण झालं. मी मागच्या रांगेत होतो, कारण मीच सोडायला आलो होतो. समितीतले एक जाड भिंगांचे सर शांतपणे म्हणाले, "इतक्या कमी वजनाचा न्यूट्रॉन तारा असेल तर मला दाखवा. मी नोकरी सोडून त्याचं दर्शन घ्यायला येतो." लोक हसले. नुसरतचे खांदे हलले नाहीत. मुदतवाढ एकदा मिळून संपली होती. ईदनंतरच्या आठवड्यात प्रबंध द्यायचा, नाहीतर नोंदणी रद्द. परदेशातल्या एका संस्थेनं तिला जागा देऊ केली होती, तीही पदवी हातात असेल तरच.

परतीच्या वाटेवर दोघी माझ्या गाडीत होत्या. मला गप्प बसवत नाही, हा माझा दोष आहे. क्रांती चौकाच्या सिग्नलला मी म्हणालो, "आत्या, आमच्याकडं मापात न बसलेले भाग बाजूला टाकतात. तुम्हीबी ती दुसरी खेप बाजूला टाका की. पहिलीवर भागवा."

नुसरत मागून हळूच म्हणाली, "विभागातल्या सरांनी पण हेच सांगितलं, मॅडम. एकच खेप दाखवली तर वजन बराबर येतं."

आत्या खिडकीतून बाहेर बघत होती. "संज्या, तुमच्याकडं भाग बाजूला टाकताना त्यावर काय लिहित्यात?"

"काय खराब हाय ते. व्यास जास्त, कड फुटली, असं."

"मग हिला सांग, दुसऱ्या खेपेवर काय लिहायचं. ते सांगितलंस की आज टाकून देते." मागं वळून ती नुसरतला म्हणाली, "उत्तर आवडलं म्हणून ठेवायचं आणि नाय आवडलं म्हणून फेकायचं, हे करायचं असतं तर मी टेबलावर भाजी निवडली असती, बाई. खराब का, ते सापडलं तर फेक. नाय सापडलं तर ती खेप खरी, आणि आपलं नशीब."

हिरवा दिवा लागला आणि मागच्यानं हॉर्न वाजवला म्हणून मी सुटलो.

पुढचे दिवस दोघींनी टेबल सोडलं नाही. आधी संशय नुसरतवरच. कुठंतरी अधिकच्या जागी उणे पडलं असेल, म्हणून सगळी कामं उलटी होतायत. तिनं सगळं पुन्हा केलं. मग आत्यानं तिचं न बघता स्वतः केलं. उणे-अधिक जागच्या जागी. प्रत्येक खेपेत एक ओळखीचा, स्थिर चालीचा तारा मुद्दाम मोजून ठेवलेला असतो, तराजू खरा आहे का बघायला वजनाचा दगड ठेवतात तसा. तो दोन्ही खेपांत बरोबर निघाला. म्हणजे यंत्र खरं, रेघा खऱ्या, हिशेब खरा, आणि तरी दोन्ही खेपा एकमेकींना खोटं पाडणाऱ्या. नुसरत रोजे धरून यायची. आत्यानं तिच्यासमोर चहा पिणं सोडलं आणि तिची चिडचिड मामांच्या वाट्याला आली. मामा मला फोनवर म्हणाले, "संजय, ताऱ्याचं काय व्हायचं ते होऊ दे, पण लवकर होऊ दे."

एके दिवशी वर्षानं इफ्तारसाठी भजी दिली होती, म्हणून मी संध्याकाळी गारखेड्याला पोहोचलो. नुसरत हातात खजूर घेऊन अजानची वाट बघत बसलेली. दुसरा हात संगणकावर. दुसऱ्या खेपेच्या फाइली ती पहिल्यापासून एकेक उघडत होती, काही शोधत होती असं नाही, दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं म्हणून. रात्रीचं काम सुरू करण्याआधी तिन्हीसांजेच्या उरल्यासुरल्या उजेडाचं एक चित्र घेतात, यंत्राची तयारी म्हणून. ते उघडलं होतं.

"सव्वासहा," नुसरत त्यावरची वेळ वाचून सहज म्हणाली. "मॅडम, ही खेप थंडीतली ना? थंडीत सांजेची नमाज, मगरिब, सहाच्या आसपासच असती. बराबर आहे."

"बरोबरच असणार," ओट्याशी धिरड्याचं पीठ पळीनं ढवळत आत्या म्हणाली. "सांज सव्वासहालाच—"

बाहेर अजान सुरू झाली. नुसरतनं खजूर तोंडाशी नेला आणि तिथंच थांबवला.

"मॅडम. बराबर कायकू है?"

आत्यानं पळीतलं पीठ तसंच ओट्यावर टाकलं आणि ओल्या हातानं टेबलाशी आली. "पहिल्या खेपेची सांज उघड."

नुसरतनं उघडली. तिथं वेळ होती दुपारचे पाऊण.

दोघी त्या दोन आकड्यांकडं बघत राहिल्या. मग आत्यानं स्वतःच्या कपाळावर पिठाचा हात मारून घेतला. "मालते! डोळे फुटले का तुझे! महिनाभर हा आकडा माझ्यापुढनं जातोय. सांज सव्वासहाला. मला वाटलं, शहाणी सांज हाय, येळेवर झाली!"

मी भज्यांचा डबा धरून उभा. म्हणालो, "मग यात चुकलं काय? सांज सव्वासहालाच होते की."

दोघींनी माझ्याकडं ज्या मायेनं बघितलं, ती मी विसरणार नाही. आत्या म्हणाली, "इथं होते, बाबा. पण आम्ही लोक इथलं घड्याळ वापरत नाय. जगभर सगळ्यांनी एकच घड्याळ ठरवलंय, ते आपल्या साडेपाच तास मागं चालतं. त्या घड्याळात आपली सांज दुपारी पाऊणला होते. दुसऱ्या खेपेत कुणीतरी आपलं घरचं घड्याळ लावलंय, आणि वर शिक्का जगाच्या घड्याळाचा."

"आणि साडेपाच तासांनी एवढं काय—"

"फेरी किती तासांची?" नुसरतनं मला विचारलं. "अकरा, संजयभैया. साडेपाच म्हणजे अर्धी फेरी. येणारा जो, तो जाणारा दिसतो."

जगातला दुसरा कुठला माणूस सव्वासहाची सांज बघून दचकला असता. आमच्याकडच्यांना ती इतकी आपली वाटली की कुणी दुसऱ्यांदा बघितलंच नाही.

"रोजा सोड आधी," आत्या म्हणाली. "तारा कुठं पळत नाय." नुसरतनं खजूर खाल्ला, पाणी प्यायली आणि ओढणीत तोंड घालून रडायला लागली. आत्यानं भज्यांचा डबा माझ्या हातातून घेऊन तिच्यापुढं ठेवला आणि स्वतः मात्र उभीच राहिली. मला वाटलं आता उडी मारेल. पण तिचा चेहरा अजून घट्ट होता.

"आनंद नको एवढ्यात," ती म्हणाली. "उत्तर सोयीचं आलंय. सोयीच्या उत्तराला दोनदा विचारायचं." तिनं डोंगरावर फोन लावला आणि मुद्दाम घड्याळाचं नाव न काढता विचारलं, त्या आठवड्यात यंत्रात काही बदललं होतं का. पलीकडच्या माणसानं आठवून सांगितलं, "हाँ मॅडम, कंप्यूटर बदला था. टाइम मैंने ही सेट किया."

"कशावरून लावला हो?"

"हाथ की घड़ी देख के."

आत्यानं डोळे मिटले. मी समजलो, आता या माणसाचं काही खरं नाही. पण ती म्हणाली, "घड़ी आपकी अच्छी है, भाई. बिलकुल सही चलती है," आणि फोन ठेवला. मग मात्र ती हसत सुटली. पिठाच्या कपाळानं, टेबलाला धरून. मामा बाहेरून आले, आम्हा तिघांना बघितलं आणि विचारलं, "मेलं कोण?" नुसरत रडता रडता म्हणाली, "कुणी नाही, मामा. वाचलं."

वेळा दुरुस्त करून सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून झाला. वजनाचा आकडा आत्यानं शेवटपर्यंत नुसरतला बघू दिला नाही, मन तिकडं ओढू नये म्हणून. मी कारखान्यात होतो. यंत्रांच्या आवाजात फोन वाजला.

"संज्या! साधारण निघाला!"

"कोण?"

"तारा! सूर्याच्या दीडपटीच्या जरा खाली. अगदी चारचौघांसारखा!"

मला वाटलं एवढी दगदग करून काहीतरी जगावेगळं हाती यायला हवं होतं. मी म्हणालो, "अरेरे."

"अरेरे काय, गाढवा? पेढे घेऊन ये!"

तोंडी परीक्षेला मी आत बसलो. तेच जाड भिंगांचे सर समोर. नुसरतनं दोन्ही खेपांच्या आलेखांची वळणं एकावर एक ठेवून दाखवली. ठिपके असे बसले होते की जणू एकाच हातानं काढलेत. सरांनी भिंगं पुसली आणि विचारलं, "प्रबंधात तुम्ही घड्याळाची चूक सविस्तर लिहिली आहे. दुरुस्त करून गप्प बसता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. का लिहिलं?"

माझ्या शेजारी आत्याची बोटं पर्सच्या बंदात अडकलेली होती.

नुसरत म्हणाली, "सर, पुढं कुणाच्या फाइलमध्ये सांज वेळेवर झालेली दिसली तर त्याला भीती वाटली पाहिजे."

सरांनी मान हलवली, आणि कागदावर सही करताना आपल्याशीच म्हणाले, "वजन भरलं."

बाहेर नुसरतचे वडील सकाळपासून उभे होते. इमरतीचा खोका त्यांच्या हातात घामानं मऊ झाला होता. निकाल कळल्यावर ते आत्यापुढं आले. "मॅडम, बेटी ने क्या नया ढूँढा?"

"नवीन काही नाही, भाईसाब. जैसा होना चाहिए था, वैसाच निकला."

मग त्यांचा चेहरा मोकळा झाला. "अल्लाह का शुक्र है. नहीं तो आजकल कौन सी चीज़ वैसी निकलती है, बोलो."

त्यानंतरही आत्या पुष्कळ वर्षं होती. नुसरत परदेशातून यायची, माझी पोरं मोठी झाली, आत्या थकली, गेली. पण ती आठवली की मला ती त्या दुपारचीच दिसते. विभागापुढच्या कडुनिंबाखाली सिमेंटचा कट्टा होता. चपला खाली काढून ठेवून, पाय पोटाशी घेऊन ती त्यावर टेकली होती. एका हातात अर्धी इमरती, पाक मनगटापर्यंत आलेला. पायऱ्यांवर सगळे फोटोसाठी उभे राहिले, जाड भिंगांचे सरसुद्धा, आणि नुसरत ओरडली, "मॅडम, या ना! तुमच्याशिवाय कसा काढायचा?"

आत्यानं पाकाचा हात वर केला.

"तुम्ही काढा गं. मी बसते जरा."